चार नंबरचं उत्तर

“यात काय विचारलंय?” हुपरीकर काकांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला.

फौंड्रीतला माझा तो दुसरा दिवस होता. मेल डेन्मार्कहून आलेली, चार ओळींची. पंपांची ओतीव कास्टिंग सुखरूप पोचली, पॅकिंग नेहमीसारखंच नेटकं होतं, आभारी आहोत. इकडे आठवडाभर धुकं आहे, तिकडे बरं असेल अशी आशा. खाली नाव, होल्म.

“काहीच नाही,” मी म्हटलं. “आभार मानलेत फक्त.”

“मग उत्तर?”

“नको. उगाच त्यांचा वेळ कशाला घ्या.”

काकांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते कळेना. “परत वाच. मोठ्यानं.”

याआधी दीड वर्ष मी दुसऱ्या कंपनीत हेच काम केलं होतं, पण मेल मोठ्यानं वाचायला मला कुणी सांगितलं नव्हतं. वाचली. डिस्पॅचचे सर्जेराव पलीकडे कपात चहा ओतत होते, ते गालातल्या गालात हसले. नव्या माणसाला काका असं वाचायला लावतात हे सगळ्या ऑफिसला ठाऊक असावं.

“कास्टिंगच्या मेलमध्ये माणूस धुक्याबद्दल का लिहितो?” काका म्हणाले. “विचारलेल्याला उत्तर कुणीही देतं गं. न विचारलेलं शोधायचं, त्याचा आपल्याला पगार आहे.”

मग ते उठले आणि जिना उतरून खाली पॅकिंगमध्ये गेले. दहा मिनिटांनी परत आले, चपलांना काळी वाळू लागलेली. दोन बोटांनी सावकाश टाईप करत त्यांनी लिहिलं की माल नीट पोचल्याचं वाचून बरं वाटलं. पॅकिंग करणाऱ्यांना तुमचं वाक्य वाचून दाखवलं, त्यांना फार आनंद झाला. इकडे ऊन चढू लागलं आहे आणि ऑफिसच्या खिडकीबाहेरचा शेवगा फुलला आहे. तुमच्याकडचं धुकं लवकर निवळो. ‘वाचून दाखवलं’ असं लिहायचं म्हणून ते आधी जाऊन वाचून दाखवून आले होते. खोटं लिहायचं नाही, एवढं एक त्यांचं होतं.

कोल्हापूरच्या एमआयडीसीतली आमची ही फौंड्री फार मोठी नव्हती, पण निम्मा माल परदेशात जायचा, आणि तिकडचा सगळा पत्रव्यवहार गेली सव्वीस वर्षं काकांच्या टेबलावरून होत होता. आधी टाईपरायटर, मग फॅक्स, मग मेल. काकांचं वय साठ. निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली, दर एकतीस ऑगस्टला त्यांना वर्षभराची मुदतवाढ मिळे. काकू जाऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं होतं आणि दुसऱ्यावरही पडदा येत चालला होता. खिडकीजवळची ती खुर्ची आणि समोर येणारी पत्रं, एवढंच त्यांना हवं होतं. ते असं कधी म्हणाले नाहीत. पण न विचारलेलं शोधायला मला त्यांनीच शिकवलं होतं.

त्यांची एक लांबट वही होती. प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे ‘आपल्याकडे’, उजवीकडे ‘त्यांच्याकडे’. कुणाचं पत्र आलं की नाव डावीकडे लिहायचं, उत्तर गेलं की तिथून खोडून उजवीकडे. साडेपाचला टेबल सोडताना डावी बाजू कोरी हवी. आणि ज्याचं नाव उजवीकडे आहे त्याला आपण पुन्हा लिहायचं नाही, त्याचं पत्र येईपर्यंत थांबायचं. मालासाठी तगादा लावावा, माणसासाठी लावू नये, असं त्यांचं म्हणणं. हे सगळं कॉम्प्युटरमध्ये आपोआप दिसतं, असं मी एकदा सांगून बघितलं.

“दिसतं,” म्हणाले. “पण टोचत नाही.”

होल्म साहेबांचं नाव त्या वहीत दर शुक्रवारी डावीकडे यायचं आणि संध्याकाळपर्यंत उजवीकडे जायचं. चौदा वर्षं असं चाललं होतं. दोघं कधी भेटले नव्हते, फोनवरही बोलले नव्हते. ते तिकडच्या पंपाच्या कारखान्यात खरेदी बघायचे. वर मालाच्या दोन ओळी, खाली एखादी इकडची तिकडची. त्या एकेका ओळीतून काकांना त्यांच्या बायकोचा सांधेदुखीचा आजार कळला होता, आणि त्यांना काकू गेल्याचं. काकू गेल्या तेव्हा होल्म साहेबांनी जे लिहिलं ते काकांना तोंडपाठ होतं. मला ते कधी म्हणून दाखवलं नाही, फक्त पाठ आहे एवढं सांगितलं.

जुलैमध्ये मालकांचे पुतणे संग्राम सर ऑफिस बघायला लागले. माणूस वाईट नव्हता. बोलायला मोकळा, कामाला वाघ. त्यांनी महिनाभराच्या मेल मोजल्या आणि मला केबिनमध्ये बोलावलं. दिवसाला साठ उत्तरं जातात, त्यातल्या चाळीसमध्ये काही कामाचं नसतं. आभाराला आभार, शुभेच्छेला शुभेच्छा.

“आपण साचे करणारी माणसं आहोत, मॅडम,” ते म्हणाले. “एकेक कास्टिंग हातानं घडवत बसलो असतो तर झालं असतं का हे सगळं? पत्रांचेही साचे करा. दहा-बारा पुरे. बटण दाबलं की उत्तर गेलं पाहिजे.” मग म्हणाले की तसं झालं तर त्या टेबलाला एकच माणूस पुरेल, आणि माझ्या कायम होण्याचंही ते बघतील.

त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता, असं मी म्हणणार नाही. कळला होता.

तीन दिवसांत मी अकरा साचे केले. ते चांगले झाले होते, कारण मी काकांकडे शिकले होते. त्यांची वळणं, त्यांचा आदर, वाक्य मऊ करायची त्यांची रीत, सगळं मी उचललं आणि त्यातून फक्त धुकं आणि शेवगा काढून टाकला. संग्राम सरांनी ते तपासायला काकांकडेच पाठवले. त्यात त्यांचा काही कुत्सितपणा नव्हता. इंग्रजी तपासायचं तर काकांकडे, इतकाच हिशेब.

काकांनी अकराही कागद भिंगाखाली धरून वाचले. एकदा, आणि पुन्हा एकदा. मी समोर बसून शेवग्याकडे बघत होते. दोन ठिकाणी शब्द बदलले, एका ठिकाणचा स्वल्पविराम काढला. चौथ्या कागदावर थांबले. त्यावर लिहिलं होतं : आपल्या सौजन्यपूर्ण शब्दांबद्दल आम्ही मनापासून आभारी आहोत. आपला विश्वास हेच आमचं बळ. पुढील सेवेची संधी अवश्य द्यावी.

“हे कशासाठी?”

“ज्या पत्रात काहीच विचारलेलं नसतं, त्यासाठी.”

काकांनी तो कागद जरा लांब धरला, मग जवळ आणला. “तसं पत्र मला अजून आलेलं नाही,” ते म्हणाले. “पण आलंच, तर हे चालेल.” आणि कोपऱ्यात बारीक सही केली.

एकतीस ऑगस्टला मुदतवाढ मिळाली नाही. शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. भाषणात संग्राम सरांनी त्यांना कंपनीचा आवाज म्हटलं. सगळं झाल्यावर काका परत टेबलाशी येऊन बसले, शाल मांडीवर, आणि त्यांनी होल्म साहेबांना शेवटची मेल लिहिली. आज मी हे टेबल सोडतो आहे; आपला चौदा वर्षांचा शेजार मला फार मोलाचा वाटला; आपली एखादी ओळ आली तर ती माझ्यापर्यंत पोचेल अशी व्यवस्था करतो आहे.

होल्म साहेब तेव्हा सुट्टीवर होते. बायकोचं दुखणं वाढलं होतं, कधी परततील ते त्यांचं ऑफिसही सांगत नव्हतं.

“व्यवस्था म्हणजे तू,” काका मला म्हणाले. त्यांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, आणि असता तरी डोळ्यांना तो झेपला नसता. “त्यांचं पत्र आलं की मला वाचून दाखव. उत्तर मी सांगीन, तू टाईप कर. आणखी काही नको.”

मी हो म्हटलं. त्यांनी वही माझ्या हातात दिली. शेवटच्या पानाची डावी बाजू कोरी होती. उजवीकडे एकच नाव होतं.

दर शुक्रवारी साडेचारला टेबलावरचा फोन वाजायचा. “शर्वरी, हुपरीकर बोलतोय. आलं का गं?”

“नाही काका.”

“बरं. त्यांच्याकडे आहे उत्तर. येईल.” मग सर्जेराव कसे आहेत, शेवग्याला शेंगा धरल्या का, असं काहीबाही विचारायचे आणि ठेवून द्यायचे. एकदा मी म्हटलं, तुम्हीच पुन्हा लिहा ना दोन ओळी, मी पाठवते. ते जरा दुखावले. बायको आजारी असलेल्या माणसाला आपण आठवण करायची का, एवढंच म्हणाले. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

दहा शुक्रवार माझं ‘नाही’ खरं होतं.

आठव्या का नवव्या शुक्रवारी फोन ठेवता ठेवता म्हणाले, “आवाज दमल्यासारखा येतोय तुझा.” मी काम फार आहे म्हटलं. सोमवारी सर्जेरावांनी माझ्या टेबलावर कागदाची पुडी ठेवली. ते काकांच्याच गल्लीत राहायचे, राजारामपुरीत. पुडीत आवळासुपारी होती आणि जाड पेनानं, मोठ्या अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी : तोंडाला चव नसेल तेव्हा. मी तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं. माझ्या आईलासुद्धा नाही.

अकराव्या शुक्रवारी मी अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली होती, ती मिळाली नाही; संग्राम सर सव्वाचारला जा म्हणाले. पाच वाजता सोनोग्राफी होती. बाळाचे ठोके लागतात का ते त्या दिवशी कळणार होतं. आधीच्या खेपेला ते लागले नव्हते, आणि त्याबद्दल मी घरात कुणाशी बोलत नव्हते.

तीन चाळीसला होल्म साहेबांची मेल आली.

नाव मी पाहिलं. पाहिलं नाही असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पहिल्या तीन ओळी वाचल्या. ऑगस्टचा माल उत्तम होता, इतकी वर्षं मिळालेल्या सहकार्याबद्दल ते आणि त्यांची कंपनी ऋणी आहेत. खाली आणखी दोन परिच्छेद होते. मला वाटलं की हे निवांत वाचू, सोमवारी काकांना वाचून दाखवू. पण संध्याकाळच्या आत सगळ्या मेलना उत्तर गेलं पाहिजे, असा संग्राम सरांचा नियम होता आणि राहिलेल्यांची यादी त्यांच्या स्क्रीनवर लाल रंगात दिसे. काही विचारलेलं दिसत नव्हतं. मी चार नंबर दाबला. मेल हिरवी झाली आणि मी पर्स उचलली.

साडेचारला माझ्या रिकाम्या टेबलावर फोन वाजत राहिला, असं नंतर सर्जेराव म्हणाले. तेव्हा मी रिक्षात होते. साडेपाचला अंधाऱ्या खोलीत त्या डॉक्टर बाईंनी आवाज मोठा केला आणि मी माझ्या मुलीचे ठोके ऐकले. घोड्याच्या टापांसारखे. घरी येऊन जेवले, आईला फोन केला, रडले, हसले. मेल आठवलीही नाही.

सोमवारी सकाळी मी ती शेवटपर्यंत वाचली. वाचली म्हणजे काकांसारखी, मोठ्यानं. आसपास कुणी नव्हतं.

होल्म साहेबांनी लिहिलं होतं की बायको सप्टेंबरमध्ये गेली. आज ते फक्त टेबल आवरायला आले आहेत. हा त्यांचाही शेवटचा दिवस, आणि संध्याकाळी पाच वाजता हा मेलचा पत्ता बंद होईल. मिस्टर हुपरीकर यांचं पत्र आजच वाचायला मिळालं. त्यांच्या ओळींनी माझे चौदा हिवाळे थोडे कमी लांब केले. त्यांच्या घरचा पत्ता माझ्याकडे नाही, कारण तो लागेल असं कधी वाटलं नव्हतं. मी आज पाचपर्यंत इथेच आहे.

यापुढे काही नव्हतं. प्रश्नचिन्ह कुठेच नव्हतं. स्वतःच्या घरचा पत्ताही त्यांनी दिला नव्हता. न मागता पत्ता देणं म्हणजे पत्र मागितल्यासारखं, असं त्यांना वाटलं असावं. काकांनाही तसंच वाटलं असतं.

त्यांचे पाच म्हणजे आपले साडेनऊ. त्या दिवशी मी जेवून उठले तेव्हा नऊसुद्धा वाजले नव्हते.

मी लगेच लिहिलं. मेल परत आली. त्यांच्या कंपनीच्या सर्वसाधारण पत्त्यावर लिहिलं. एका मिनिटात उत्तर आलं की आपल्या संदेशाबद्दल आभारी आहोत, संबंधित विभाग लवकरच संपर्क साधेल. कुणी साधला नाही. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच आलं, शब्दाचाही फरक नाही. डेन्मार्कला फोन लावू का, म्हणून संग्राम सरांना विचारायला गेले. त्यांचा काही माल अडकलाय का, त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर ते माझ्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्या बघण्यात खरोखरच काही चूक नव्हती.

शुक्रवारी साडेचारला फोन वाजला.

“शर्वरी, हुपरीकर. गेल्या खेपेला तू नव्हतीस. बरी आहेस ना?”

“हो काका.”

“आलं का गं?”

मी सांगणारच होते. आठवडाभर मनात वाक्य जुळवलं होतं. पण त्यांच्या त्या ‘बरी आहेस ना’नंतर ते वाक्य तोंडातून निघेना.

“नाही काका,” मी म्हटलं.

“बरं. त्यांच्याकडे आहे,” ते म्हणाले.

एकदा म्हटलेलं ‘नाही’ पुढच्या शुक्रवारी बदलता येत नाही. डिसेंबर गेला, जानेवारी निम्मा गेला. मग एका सोमवारी सर्जेरावांनी एक पाकीट आणून दिलं. आत पाच कागद होते, जाड पेनाची मोठी अक्षरं, एकेका कागदावर जेमतेम सहा ओळी मावलेल्या. काही ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. ते होल्म साहेबांच्या कंपनीला लिहिलेलं दुखवट्याचं पत्र होतं.

मी फोन केला. माझ्याकडून केलेला तो पहिलाच.

“एवढे दिवस ते गप्प राहणारे नाहीत,” काका शांतपणे म्हणाले. “उत्तर त्यांच्याकडे आहे हे त्यांना माहीत आहे. म्हणजे ते नाहीत. दुखवट्याला कुणाचं उत्तर राहिलंय ते बघायचं नसतं, म्हणून लिहिलं. टाईप करून पाठवशील?”

“पाठवते,” मी म्हटलं.

जिवंत माणसाचा दुखवटा माझ्या खणात आठ दिवस पडून होता. पाठवला नाही. पाठवला असता तर तिकडून कुणीतरी कदाचित खरं कळवलंही असतं, हे आज सुचतं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसत होतं की तिकडे चार शब्द बोलायला आता बायकोही नसलेला एक माणूस आहे, इकडे हा आहे, आणि मध्ये मी. नवव्या दिवशी मी उत्तर लिहायला बसले. होल्म साहेबांच्या कंपनीच्या वतीनं.

मी लिहिलं की आपलं पत्र पोचलं, पण सांगायला आनंद होतो की श्रीयुत होल्म सुखरूप आहेत. ते निवृत्त झाले आहेत आणि मुलीकडे समुद्राकाठच्या गावी राहतात. जाताना ते आपली आठवण काढत होते. आपल्या ओळींनी त्यांचे चौदा हिवाळे थोडे कमी लांब केले, असं ते म्हणत. एवढं एक वाक्य तरी होल्म साहेबांचं काकांना पोचावं, म्हणून बाकीचं खोटं मी त्याच्याभोवती रचलं. इतकं जीव ओतून मी कधी काही लिहिलं नव्हतं. छापलं, घडी घातली आणि रविवारी दुपारी राजारामपुरीत गेले.

तळमजल्यावरच्या दोन खोल्या. शाल खुंटीला, घड्याळ भिंतीवर. मला आता पाचवा लागला होता, साडीतून कळत होतं. काकांनी ते पाहिलं आणि आतून पाठीला टेकायला उशी आणून दिली, बोलले काही नाही. मग दाराजवळच्या उजेडात बसले आणि भिंग घेऊन वाचू लागले. मोठ्यानं, अडखळत. पहिल्यांदा वाचून झालं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

मग त्यांनी ते दुसऱ्यांदा वाचलं.

दुसऱ्यांदा वाचताना त्यांचा आवाज हळूहळू खाली आला. शेवटच्या ओळी त्यांनी मनातच वाचल्या. भिंग मांडीवर ठेवलं. चष्मा काढून पुसला, परत लावला नाही.

“हिवाळे थोडे कमी लांब,” ते म्हणाले. “हे त्यांचं आहे.”

मी पाठीमागची उशी सरळ केली.

“बाकीचं तुझं आहे. चांगलं लिहिलंयस.” मग म्हणाले, “त्यांनी माझा पत्ता मागितला होता का गं?”

“हो.”

“कधी?”

“नोव्हेंबरात. त्यांचा शेवटचा दिवस होता. पाचला मेल बंद होणार होती.” मग तेही सांगितलं. “त्यांची बायको गेली. सप्टेंबरमध्ये.”

काकांनी डोळे मिटले.

“आपल्याकडून उत्तर काय गेलं?”

“चार नंबर.”

मला वाटलं ते आता बोलतील. सव्वीस वर्षांत कुणाला बोलले नसतील तसं बोलतील, आणि मला ते हवंही होतं. त्यांनी कागद पुन्हा घडीवर घडी घातला, होता तसा.

“चार नंबर मीच तपासला होता,” काका म्हणाले. “त्यात चूक नव्हती.”

त्यानंतर त्यांनी कोकम सरबत केलं, माझ्या ग्लासात साखर जास्त घातली. मी पिऊन टाकलं. क्षमा मागायची म्हणून तीनदा तोंड उघडलं, आणि तिन्ही वेळा जे शब्द आले ते मला माझ्या अकरा कागदांवर छापलेले दिसले. निघताना ते फाटकापर्यंत आले. एका हातानं भिंत चाचपत होते.

“सावकाश जा,” म्हणाले. “पोचलीस की कळव.”

मी पोचले. फोन हातात घेऊन बसले, खूप वेळ. ‘पोचले’ एवढंच सांगायचं होतं. पण त्या एका शब्दाच्या मागे जे यायला हवं होतं ते येईना, आणि नुसता तो एक शब्द म्हणजे पुन्हा चार नंबरच.

सोमवारी सर्जेराव म्हणाले, “काका सकाळी दारात आलते. मॅडम नीट पोचल्या का, इचारत होते.”

“सांगा, पोचले,” मी म्हटलं.

शुक्रवारी साडेचारला फोन वाजला नाही. पुढच्याही नाही. मे महिन्यात मी रजेवर गेले, लेक झाली, आणि मग परत गेले नाही. ती आता चार वर्षांची आहे. बालवाडीतून येईपर्यंतचे दोन तास माझे असतात, त्यात हे लिहिलं. काका आहेत, आता अजिबात दिसत नाही त्यांना, असं सर्जेरावांनी मागे सांगितलं. फोन नंबर तोच आहे.

वही माझ्याकडेच राहिली. शेवटच्या पानावर उजवीकडे काकांच्या अक्षरात होल्म साहेबांचं नाव आहे. त्या रविवारी घरी आल्यावर डावीकडे मी एक नाव लिहिलं होतं, हुपरीकर काकांचं. ते अजून खोडलेलं नाही. उत्तर माझ्याकडे आहे.